नादारीचा अर्ज आणि हजची जागा

दिवाळं काढायलाही पैसे लागतात, हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. मस्कत-मुंबई विमानाचं तिकीट, मुंबईहून रत्नागिरीची बस, वकिलाची फी, स्टँप, टायपिंग, झेरॉक्स, आणि ज्या शिपायानं आमची फाइल योग्य टेबलावर पोचवली त्याचा चहा. सगळं मिळून माझा दीड महिन्याचा पगार गेला. वकील हसत म्हणाला, "ज्याच्याकडे एवढे पैसे आहेत तो नादार कसला, असं कोर्टानं विचारलं नाही म्हणजे मिळवली." तो माझा शाळेतला मित्र. मित्र नसता तर त्याच्याच टेबलावरचा पेपरवेट मी त्याला मारला असता.

कोर्टाच्या भाषेत दिवाळखोराला नादार म्हणतात. कारकुनानं अर्ज उलटसुलट करून बघितला आणि म्हणाला, "असे अर्ज आता येत नाहीत हो." हॉटेलात जाऊन न मिळणारी भाजी मागावी तसा मी उभा. अर्जासोबत यादी द्यायची असते, आपल्याकडे काय काय आहे त्याची. गावच्या घरातले दोन पलंग, एक जुना फ्रिज, कपडे, घड्याळ, मोबाईल, स्वयंपाकाची भांडी. भांडी सुद्धा मोजून लिहिली. न्यायाधीश बाईंनी चष्म्यावरून बघत विचारलं, "राहता ओमानला, मग अर्ज इथे कसा?" वकिलानं रेशनकार्ड पुढे केलं, मतदारयादी पुढे केली. बाईंनी पुढची तारीख दिली आणि मी परत आलो. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ना, ते हेच. फरक इतकाच की आमच्या इथे उंट खरे आहेत.

कर्ज शिक्षणाचं होतं. आमचं गाव रत्नागिरीच्या बाजूला, खाडीवर. घरटी एक माणूस बोटीवर, पण सगळे खलाशी, नाहीतर खानसामे. अधिकारी कुणी झाला नव्हता. मी इंजिनिअरिंग केलं, मग मर्चंट नेव्हीच्या कोर्सला बसलो, तोही एका खासगी संस्थेत, साडेसात लाख फी भरून. "शंभर टक्के जहाज मिळणार," असं तिथल्या माणसानं टाय घालून सांगितलं होतं. टाय घातलेल्या माणसावर आम्ही गावचे लोक लगेच विश्वास ठेवतो. कोर्स संपला, चौदा महिने मी मुंबईत एजंटांच्या पायऱ्या झिजवल्या. शेवटी एकानं सरळ सांगितलं, चार लाख काढ, जहाज देतो. चार लाख डोंबलाचे! होते कुणाकडे?

मी आजवर जहाजावर पाऊल ठेवलेलं नाही. जयगडच्या फेरीबोटीतून पलीकडे गेलोय, तेवढाच माझा सागरी अनुभव. सध्या मस्कतला, गाला नावाच्या कारखान्यांच्या वस्तीत, जनरेटर दुरुस्त करणाऱ्या वर्कशॉपमध्ये बसतो. कुठला मेकॅनिक कुठल्या साइटवर धाडायचा, कुठला पार्ट कुणी नेला आणि आणला नाही, हे बघतो. दिवसभर तोंडात "यल्ला, यल्ला", म्हणजे चला, आटपा. संध्याकाळी अल हैलच्या फ्लॅटवर येतो, तिथे बायको, मी आणि अब्बा.

अब्बा शिंपी. सीबच्या बाजारात त्यांचं एका खणाचं दुकान, ओमानी लोकांचे लांब झगे, दिशदाशा, शिवण्याचं. परवाना अर्बाबच्या नावावर. अर्बाब म्हणजे मालक. पण ह्या म्हाताऱ्यानं मालकी कधी गाजवली नाही. आठवड्यातून दोनदा येऊन खजूर ठेवायचा, कॉफी प्यायचा आणि अब्बांशी गुडघेदुखीबद्दल बोलायचा. तीस वर्षांवर त्यांचं हे चाललंय. अब्बा मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकले, अक्षर मोत्यासारखं, आणि अरबी बोलतात ती अशी की ओमानीही हसून उत्तर देतो.

त्यांच्याबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. व्याज त्यांना चालत नाही. देणं नाही, घेणं नाही. बचत खात्यावर बँक आपणहून जे चार पैसे व्याज टाकते, ते वर्षाअखेर काढून गावच्या मशिदीच्या संडास दुरुस्तीला द्यायचे. तिथेसुद्धा सवाब, म्हणजे पुण्य, मिळेल अशी आशा ठेवायची नाही, घाण हातातून गेली एवढंच. आमच्या मशिदीचे संडास त्यामुळे जिल्ह्यात सर्वात चकचकीत असतील. असा माणूस माझ्यासाठी सुट्टी काढून बँकेत आला. साहेबानं व्याजाचा दर सांगितला तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी तेवीस वर्षांचा, डोळ्यात जहाज. सहकर्जदार म्हणून जिथे जिथे खूण केली होती तिथे तिथे सही केली. बाहेर आल्यावर रस्त्यावरच्या नळावर हात धुतले. मला तेव्हा राग आला होता. आता नाही येत.

काही वर्षं मी हप्ते भरले. मग मस्कतमधल्याच माझ्या आधीच्या कंपनीनं सात महिने पगारच दिला नाही. आज देतो, उद्या देतो, इन्शाल्ला, बुकरा. बुकरा म्हणजे उद्या, आणि तो उद्या आलाच नाही. हप्ते थांबले, कर्ज फुगत फुगत तेरा लाखांवर गेलं. वसुलीवाल्यांचे फोन सुरू झाले. माझ्या सासऱ्यांना फोन, गावच्या दुकानदाराला फोन, जिच्याशी माझं लग्न ठरता ठरता मोडलं होतं तिच्या भावाला फोन. त्याचा नंबर त्यांना कुठून मिळाला, अल्लाच जाणे. भीक नको पण कुत्रं आवर, अशी अवस्था. फोन वाजला की बायकोचा चेहरा पडायचा. मी थकलो होतो. खरं सांगतो, लबाडी म्हणून नाही, थकलो म्हणून नादारीचा अर्ज केला. एकदा कुणीतरी अधिकृतपणे म्हणावं, ह्याच्याकडे नाही, ह्याला सोडा.

माझं सुटलं की अब्बांचंही आपोआप सुटेल, असा माझा समज. वकिलानं तो मोडला.

"तू नादार झालास की बँक सहकर्जदाराकडे वळणार. म्हणजे तुझ्या वडिलांकडे. गावचं घर त्यांच्या नावावर ना?"

एवढा खटाटोप करून मी फक्त माझ्या डोक्यावरचं ओझं बापाच्या डोक्यावर ठेवत होतो.

"थांब, घाबरू नको," तो म्हणाला. "शेवटचा हप्ता भरल्यापासून तीन वर्षांत बँकेनं दावा लावला नाही तर मुदत संपते. मग ते वडिलांवर दावा लावू शकत नाहीत. तू अर्जात कर्ज कबूल केलंस, पण त्या कबुलीनं तू बांधला गेलास, वडील नाही. बँकेची शाखा बदलली, साहेब बदलले, फाइल कुठेतरी पडून आहे. त्यांचा वकील नुसता तारखा घेतो. फक्त एक सांभाळ. मुदत टळेपर्यंत वडिलांनी एक चिठोरंसुद्धा लिहून द्यायचं नाही. कर्ज आहे असं सहीनिशी लिहिलं की त्या दिवसापासून पुन्हा तीन वर्षं मोजायची."

अब्बा कशाला कुणाला लिहितील? माझा निकाल लागल्यावर शाबासकीचं पत्रसुद्धा त्यांनी कधी लिहिलं नाही. मी निर्धास्त झालो.

त्याच सुमाराला हजचं निघालं. ओमानमध्ये परदेशी लोकांसाठी हजच्या जागा अगदी मोजक्या. अर्बाबच्या मुलानं मोबाईलवरून अब्बांचं नाव घातलं होतं, आणि ते चक्क लागलं. अर्बाब स्वतः गाडी काढून दुकानात सांगायला आला. अब्बांच्या हातातली कात्री खाली पडली म्हणे. माझी अम्मी वारली तेव्हा तिचं आणि अब्बांचं एकत्र हजला जायचं ठरलेलं राहून गेलं होतं, त्यामुळे मला वाटलं, चला, निदान एवढं तरी सुखाचं होतंय.

तर रात्री जेवताना अब्बा भाकरी मोडत म्हणाले, "माजा नाव हाय का अजून त्या बँकेच्या कागदावर?"

"का?"

"कर्ज अंगावर ठेवून जात नाय कोणी. फेडून जायचा, नायतर ज्याचा देणा हाय त्याची इजाजत घेऊन जायचा. काल इमामसाहेबांना पण विचारला."

बायकोनं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "थोडेच दिवस थांबा, अब्बा. मिटतंय ते. तुमचं नाव निघेल."

"निघेल म्हणजे? फेडलास?"

"मिटतंय म्हटलं ना!" मी जरा जोरातच बोललो. आवाज चढला की आमच्या घरात विषय संपतो, ही वाईट खोड माझी. अब्बांनी वाटीतलं कालवण संपवलं आणि उठले.

त्यानंतर मी दिवस मोजायला लागलो. कॅलेंडरवर खूण केली नाही, पण डोक्यात तारीख घणघणत होती. एका जुम्याला, म्हणजे शुक्रवारी, दुपारी मी त्यांना घरी न्यायला दुकानात गेलो असताना वकिलाचा फोन आला. फोनचा आवाज नीट येत नव्हता म्हणून स्पीकरवर टाकला. तो सांगत होता, अठरा दिवस राहिले, बँकेकडून हालचाल नाही, वडिलांना गप्प ठेव, वगैरे. मी तारीख पुन्हा एकदा बोलून पक्की केली. अब्बा पाठमोरे मशीन चालवत होते. मशीन चालू असलं की त्यांना काही ऐकू येत नाही, असं मी लहानपणापासून धरून चाललोय. ते सुट्टीत गावी येऊन मशीनवर बसायचे तेव्हा त्या भरवशावर मी किती शिव्या दिल्या असतील! त्या सगळ्या त्यांना ऐकू आल्या होत्या, हे मला आता कळतंय.

अठरा दिवस गेले. एक दिवस सकाळी मी उठलो आणि अब्बा सुटलेले होते. कुणाला काही सांगायची सोय नाही, पण मला इतकं हलकं वाटलं की वर्कशॉपमध्ये सगळ्यांना चहा पाजला. येताना मटण आणलं. बायकोनं विचारलं, काय आज? म्हटलं, काही नाही, आणावंसं वाटलं. जेवताना मी अब्बांना म्हणालो, "तुमचं नाव सुटलं. कायद्यानं आता तुमच्याकडे कुणी काही मागू शकत नाही. हजचे पैसे भरून टाका, अर्बाबचा मुलगा महिनाअखेरची मुदत म्हणत होता."

त्यांनी मान हलवली. म्हणाले, "बघूया. जवाब येऊ दे."

कसला जवाब, कुणाचा, मी विचारलंच नाही. मला वाटलं, हजवाल्यांकडून काहीतरी कागद यायचा असेल. माणूस आनंदात असला की कानही अर्धेच उघडे ठेवतो.

त्यानंतर नवव्या दिवशी मी वर्कशॉपमध्ये एका जनरेटरच्या बिलावरून गिऱ्हाइकाशी हुज्जत घालत होतो. फोन वाजला, वकिलाचा मेसेज. आज तारीख होती, बँकेनं हे दाखल केलंय, वाच. खाली बँकेच्या तीन पानांचे फोटो, आणि शेवटी एक वेगळा. वहीचा फाडलेला कागद, रेघांवर बसलेलं मोत्यासारखं अक्षर. वाचायच्या आधीच मी ते ओळखलं. डाव्या कोपऱ्यात बँकेचा आवक शिक्का होता, मुदत संपायच्या आठ दिवस आधीचा.

पत्र असं होतं.

"माननीय व्यवस्थापक साहेब यांस सलाम. पत्र लिहिण्यास कारण की, मी सीब, ओमान येथे शिंपीकाम करतो. माझ्या मुलाच्या शिक्षणासाठी आपल्या बँकेतून साडेसात लाख रुपये कर्ज घेतले. कागदावर माझी सही आहे आणि ती मी केलेली आहे. कर्ज फिटलेले नाही हे मला कबूल आहे. मुलाची यात कसूर नाही. त्याला जहाज मिळाले नाही आणि पगारही मिळाला नाही. तो मेहनती आहे. यंदा मला हजला जाण्यास जागा मिळाली आहे. ज्याचे देणे आहे त्यास विचारल्याशिवाय आमच्यात जात नाहीत, म्हणून विचारतो. आपली परवानगी असल्यास कळवावे. परत आलो तर काम करून देईन. तिथेच काही झाले तर माझी दोन मशिने आहेत, एक चांगली चालते, ती विकून घ्यावीत. बाकीचे मुलाला हळूहळू मागावे, जोर करू नये. आपले काही चुकलेमाकले असेल तर माफ केले, माझेही माफ करावे."

खाली सही. मराठीत, पूर्ण नावाची, तारखेसकट.

कुठल्या वकिलानं बसून लिहिलं असतं तरी याहून पक्की कबुली जमली नसती. बँकेला हजला जायची परवानगी मागणारा कर्जदार त्या शाखेनं जन्मात पाहिला नसेल. त्यांनी काय केलं? त्या कागदाच्या झेरॉक्स काढल्या, 'कर्जाची लेखी कबुली' म्हणून माझ्याच प्रकरणात दाखल केल्या आणि अब्बांवर दावा लावायची नोटीस काढली. मी गिऱ्हाइकाला तसाच सोडला, गाडी काढली. गालाहून सीब काही लांब नाही, पण त्या दुपारी मी वाटेतल्या प्रत्येक सिग्नलला शिव्या घातल्या. म्हाताऱ्याला अक्कल नाही. भोळसटपणाला काही हद्द? जरा मला विचारलं असतं तर? आगीतून काढत होतो, तो स्वतःच्या पायांनी फुफाट्यात गेला.

दुकानात एक ओमानी पोरगेला इसम माप द्यायला उभा होता. अब्बा गळ्यात टेप टाकून त्याच्या खांद्याचं माप घेत होते. मला थांबावं लागलं. बाहीचं माप, छातीचं माप, मग कॉलर कशी हवी त्यावर चर्चा. माझं डोकं फुटायची वेळ आली आणि हे दोघं कॉलरवर. तो गेल्यावर मी फोन त्यांच्या नाकासमोर धरला.

"हे काय केलंत?"

त्यांनी चष्मा लावला, बघितलं. "पोचला म्हणायचा."

"पोचलं? अहो, आठ दिवस! आठ दिवस गप्प बसला असतात तर सुटला असतात. बँक काय, बँकेचा बाप तुमच्या घराला हात लावू शकला नसता. ह्या एका कागदानं पुन्हा तीन वर्षं दिलीत त्यांना. कुणी सांगितलं होतं तुम्हाला शहाणपणा करायला?"

"म्हायती हाय."

"काय माहिती आहे?"

"तारीख. तू त्या जुम्याला फोनवर बोललास ना. म्हणून तर टपालान नाय धाडला. टपालाचा भरवसा नाय. कुरिअरन धाडला. आठ रियाल घेतलान त्यान."

मी स्टुलावर बसलो. भोळसट म्हणून मी वाटभर ज्यांना शिव्या दिल्या, त्यांनी मुदत मोजून, ती टळायच्या आत पोचेल अशा बेतानं, जादा पैसे भरून पत्र धाडलं होतं.

"मग हजला जायचंच नव्हतं का तुम्हाला?"

"जायचा होता. म्हणून तर विचारला." त्यांनी फोनकडे बोट केलं. "ह्याच्यात इजाजतीचा काय लिवलानी?"

मी बँकेचा सगळा कागद पुन्हा वाचला. तीन पानं. कबुली, व्याज, दंडव्याज, खर्च. हज हा शब्द कुठेच नव्हता.

"काही नाही लिहिलं."

"नीट बघ."

"बघितलं, अब्बा. काही नाही."

त्यांनी आपला जुना फोन काढून अर्बाबला लावला आणि अरबीत सांगितलं की यंदा जमत नाही, माझी जागा दुसऱ्याला जाऊ दे. पलीकडून म्हातारा बराच वेळ ओरडत होता. अब्बा शांतपणे "खलास, खलास, इन्शाल्ला" म्हणत राहिले आणि फोन ठेवला. सुईत दोरा ओवायला गेले, तो जाईना.

तेव्हा माझा तोल सुटला. बापाशी बोलू नये असं मी बोललो. म्हणालो, "गाढवही गेलं आणि ब्रह्मचर्यही गेलं! कर्ज होतं तिथे आहे आणि हजही गेली. देवासाठी केलंत ना हे सगळं? काय दिलं तुमच्या देवानं? त्याला काय बँकेची कागदपत्रं लागतात?"

आता पुढचं आधी सांगून टाकतो, कारण ते सांगण्यासारखं फारसं नाही. नादारीचा अर्ज मी मागे घेतला. वकिलानं फी परत दिली नाही, मीही मागितली नाही. बँकेशी बोलून दंडव्याज थोडं कमी करून घेतलं आणि हप्ते ठरवून घेतले, आम्हा दोघांच्या नावानं. हजनंतर अब्बा गावी कायमचे परतणार होते ते परतले नाहीत. अर्बाबनं कुरकुरत त्यांचा व्हिसा दोन वर्षांनी वाढवून दिला. सत्तरीला आलेला माणूस दिवसाला तीन दिशदाशा शिवतो आणि महिन्याच्या पाच तारखेला माझ्या हातात आपला वाटा ठेवतो. मला तो घेताना लाज वाटते, दर महिन्याला वाटते, आणि मी तो घेतो. वसुलीचे फोन थांबलेत. थकवा थांबलेला नाही. हाजी ते अजून झालेले नाहीत.

पण त्या दुपारी दुकानात मी ओरडल्यावर, आयुष्यात पहिल्यांदा अब्बा माझ्यावर ओरडले.

"देवासाठी नाय केला!" त्यांनी टेप गळ्यातून काढून टेबलावर आपटली. "देवाला मी सांगितला असता काय तो. तो समजून घेतो. त्याला बँकेसारका नाय लागत सगळा लिवून. तुझ्यासाठी केला."

मी हातातला फोन खाली ठेवला.

"तू त्या कोर्टात गेलास, एकटा. बायकोची भांडी मोजून दिलीस. माजा पोर हाय नायतर कोण, आणि लोकांसमोर सांगतोय, माज्याकडे काय नाय, मला सोडा. आणि मी इथे मशीनवर बसून काय करायचा? तारीख टळायची वाट बघायची? आणि मग हाजी होऊन यायचा, गळ्यात हार घालून, आणि तू नादार?" त्यांना धाप लागली. "सही दोघांनी केली ना? मग तू एकटा कशाला?"

जहाज मिळालं नाही तेव्हा, पगार बुडाला तेव्हा, कोर्टात भांड्यांची यादी वाचून दाखवली तेव्हाही मी रडलो नव्हतो. तिथे स्टुलावर बसून, कापडाच्या तुकड्यांमध्ये, मी हमसून हमसून रडलो. मघाचा तो इसम काहीतरी विसरलेला म्हणून परत आला आणि दारातच अवघडून उभा राहिला. अब्बांनी त्याला हातानंच थांबवलं. "माझा मुलगा आहे," असं त्याला अरबीत सांगितलं, आणि दार आतून लोटून घेतलं.